दीनबंधू छोटूराम

दिल्लीहून रोहतककडे जाताना वाटेत सांपला नावाचे गाव लागते. त्याला लागूनच गढी सांपला ही वस्ती आहे. हा भाग आता हरियाणा राज्यात येतो. १९६६ पूर्वी तो पंजाबात मोडत असे. यमुनेच्या कालव्याचे पाणी या जिल्ह्याच्या काही भागालाच मिळे. बाकीचे शेतकरी पावसाच्या भरवशावर बाजरी, ज्वारी, हरभरा पेरीत आणि पावसाने पाठ फिरवली की सावकाराच्या पायऱ्या चढत. याच गढी सांपल्यात २४ नोव्हेंबर १८८१ रोजी सुखीराम नावाच्या एका लहान शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव रामरिछपाल असे ठेवण्यात आले. भावंडांत तो धाकटा, म्हणून घरातील सारे त्याला छोटू म्हणत. पुढे शाळेच्या पटावरही तेच नाव चढले आणि आयुष्यभर कायम राहिले.

सुखीराम यांच्याजवळ जमीन थोडी होती आणि कर्ज जुने होते. त्या काळी जमिनीबरोबर कर्जही वारसाने मुलाकडे येई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मुलगा मात्र अभ्यासात हुशार निघाला. गावची प्राथमिक शाळा संपवून तो झज्जरच्या शाळेत गेला आणि तेथील परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. पुढे शिकायचे तर दिल्लीला जाणे भाग होते आणि दिल्लीला जायचे तर पैसा हवा होता. सुखीराम मुलाला बरोबर घेऊन सांपल्याच्या सावकाराकडे कर्ज मागण्यास गेले. त्या भेटीची हकीकत हरियाणात आजही सांगितली जाते. दिवस उन्हाळ्याचे होते. सावकाराच्या बैठकीत छताला टांगलेला मोठा कापडी पंखा होता. कर्जाचे बोलणे सुरू होण्याआधीच सावकाराने सुखीराम यांना त्या पंख्याची दोरी ओढावयास सांगितले. सावकाराचा तरुण मुलगा तेथेच रिकामा बसला होता. त्याच्यादेखत आपल्या वडिलांना दोरी ओढावी लागते, हे छोटूला सहन झाले नाही. त्याने सावकाराला तोंडावर विचारले की, स्वतःचा मुलगा समोर असताना आपण एका वृद्ध माणसाला या कामाला कसे लावता. वडील ओशाळले. कर्ज मागावयास आलेल्या माणसाने अपमान गिळावयाचा असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मुलाला अजून ठाऊक व्हायचे होते. त्याने ते अखेरपर्यंत शिकून घेतले नाही.

दिल्लीच्या ख्रिश्चन मिशन शाळेत छोटूराम दाखल झाले. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाविरुद्ध विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा त्याचे नेतृत्व या खेड्यातून आलेल्या मुलाने केले. पुढे सेंट स्टीफन्स महाविद्यालयात प्रवेश मिळाला. परंतु पैशांची ओढाताण संपली नाही. या अडचणीत त्यांच्या मदतीस सेठ छाजूराम धावून आले. छाजूराम हे मूळचे हिसार भागातील, कलकत्त्याला तागाच्या व्यापारात नशीब काढलेले गृहस्थ. सावकारीविरुद्ध जन्मभर झगडलेल्या माणसाचे शिक्षण एका धनिकाच्या पैशावर पुरे झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पैसा असणे आणि पैशाच्या जोरावर दुसऱ्याला वाकवणे यांतील फरक छोटूराम यांनी कधी नजरेआड होऊ दिला नाही. १९०५ मध्ये संस्कृत विषय घेऊन ते बी.ए. झाले. काही काळ त्यांनी अवध प्रांतातील कालाकांकर येथील राजांच्या पदरी नोकरी केली. नंतर आग्र्यास राहून कायद्याचे शिक्षण घेतले, तेथेच वकिलीस आरंभ केला आणि १९१२ मध्ये ते रोहतकला परत आले.

रोहतकच्या कचेरीत त्यांना जे दिसले, ते समजण्यासाठी त्या वेळचा कर्जव्यवहार कसा चाले हे पाहिले पाहिजे. शेतकरी बी-बियाण्यासाठी, बैलासाठी, लग्नासाठी किंवा सरकारी सारा भरण्यासाठी कर्ज घेई. व्यवहाराची नोंद सावकाराच्या वहीत होई. ती वही सावकार लिही, सावकार वाची आणि सावकारच जपून ठेवी. शेतकरी फक्त अंगठा उठवी. सुगीनंतर तो धान्य घालून जाई. त्याचे मोल काय धरले आणि त्यातून मुद्दल किती फिटले व व्याज किती, हे त्याला कळत नसे. काही वर्षांनी जुन्या कर्जाचे व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होई. दावा न्यायालयात गेला की वही हाच पुरावा, आणि तो एकाच पक्षाकडे. हुकूमनामा निघे, जप्ती येई, कधी कधी ऋणको तुरुंगातही जाई. मॅल्कम डार्लिंग या इंग्रज अधिकाऱ्याने पंजाबच्या शेतकऱ्यांच्या कर्जाचा अभ्यास करून १९२५ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने प्रांताचे शेतीकर्ज सुमारे ९० कोटी रुपये धरले होते. जमीनधारकांपैकी कर्जमुक्त असलेले त्याला शंभरात जेमतेम १७ आढळले.

महाराष्ट्राला हे चित्र अपरिचित नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे आणि वह्या जाळल्या आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पंजाब हा सरकारच्या दृष्टीने सैनिक पुरवणारा प्रांत. तेथे असा उद्रेक होणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून १९०० मध्ये पंजाब जमीन हस्तांतरण कायदा करण्यात आला आणि तो जून १९०१ पासून लागू झाला. सरकारने शेतकरी म्हणून जाहीर केलेल्या जातींची जमीन त्यांच्याबाहेरच्या माणसाला कायमची विकत घेता येणार नाही, असा या कायद्याचा गाभा होता. कायदा आला, पण वाटाही निघाल्या. सावकार एखाद्या शेतकऱ्याच्या नावे जमीन घेई आणि उपभोग स्वतः घेई. शिवाय कायद्यापूर्वी गहाण पडलेल्या जमिनी होत्या त्या तशाच सावकारांकडे राहिल्या. छोटूराम यांच्या पुढील कार्याची दिशा या दोन पळवाटांनीच ठरवली.

वकील म्हणून त्यांनी आपल्यापुरते काही नियम घालून घेतले होते. खोटा दावा घ्यायचा नाही, गरिबाला सल्ला फुकट द्यायचा आणि पक्षकाराशी माणुसकीने वागायचे. ऐकायला हे साधे वाटते. परंतु पक्षकाराला तासन्‌तास उभे ठेवण्याची रीत असलेल्या कचेरीत ते साधे नव्हते. लवकरच ते सार्वजनिक कामात पडले. १९१३ मध्ये रोहतकला जाट समाजासाठी शाळा निघाली, तीत त्यांचा पुढाकार होता. जाट ही त्या भागातील प्रमुख शेतकरी जात. १९१६ मध्ये त्यांनी ‘जाट गॅझेट’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. न्यायालयाची, शाळेची आणि वृत्तपत्राची भाषा त्या काळी पंजाबात उर्दू होती आणि छोटूराम ती सफाईने लिहीत. पुढे याच साप्ताहिकात त्यांची ‘बेचारा जमींदार’ ही लेखमाला आली. मराठी वाचकाला या नावाने बुचकळ्यात पडायला होईल. पंजाबात मात्र चार एकरांचा धनीदेखील जमीनदारच म्हणवतो. तेव्हा हा बिचारा जमीनदार म्हणजे हवेलीत लोडाला टेकून बसलेला गृहस्थ नव्हे, तर नांगराचा धनी असलेला साधा शेतकरी.

पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीस साहाय्य केले. त्याच काळात, १९१६ ते १९२०, ते रोहतक जिल्हा काँग्रेस समितीचे अध्यक्षही होते. १९२० मध्ये महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा छोटूराम यांनी काँग्रेस सोडली. शाळा आणि न्यायालये यांवर बहिष्कार टाकण्याचा कार्यक्रम त्यांना मान्य नव्हता. खेड्यातील मुलांची पहिली पिढी कोठे शाळेत जाऊ लागली होती. साराबंदी झाली तर जप्त होणार होती ती शेतकऱ्याचीच जमीन. त्यांचा हा निर्णय त्या वेळी अनेकांना रुचला नाही आणि इंग्रज राजवटीशी जुळवून घेणारे पुढारी हा शिक्का त्यांच्यावर बसला तो कायमचा. त्यांना १९३७ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, तेव्हा तो अधिकच गडद झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या मापाने मोजले तर हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. मात्र परके राज्य जाईल तेव्हा जाईल, तोवर कर्जात बुडालेल्या कुटुंबाने काय करावे, हा प्रश्न त्यांनी आपल्यासमोर ठेवला होता आणि त्याचे उत्तर ते कायदेमंडळात शोधीत होते.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कायदेमंडळांना काही अधिकार मिळाले होते. १९२० च्या निवडणुकीत छोटूराम पराभूत झाले. १९२३ मध्ये ते पंजाबच्या कायदेमंडळात निवडून आले. त्याच वर्षी फझल-इ-हुसेन यांच्याबरोबर त्यांनी युनियनिस्ट पक्षाची उभारणी केली. या पक्षात मुसलमान, हिंदू आणि शीख असे तिन्ही समाजांचे ग्रामीण प्रतिनिधी होते. मोठमोठे जमीनदारही त्यात होते, हे सांगितले पाहिजे. पश्चिम पंजाबातील हजारो एकरांच्या मालकांना लहान शेतकऱ्याची कळकळ होती असे नाही. पण सावकारी आणि शहरी वर्चस्व यांविरुद्ध त्यांचे हितसंबंध एक झाले आणि छोटूराम यांनी या एकीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १९२४ ते १९२६ या काळात ते मंत्री होते. त्यानंतर दहा वर्षे त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. तरीही सभागृहातील त्यांच्या कामगिरीची खरी घडण याच दहा वर्षांत झाली.

सावकारांच्या हिशेबावर नियंत्रण आणणारे एक विधेयक १९२६ मध्ये मंजूर झाले होते, पण गव्हर्नरांनी त्यास संमती दिली नाही. तेव्हा त्याच हेतूचे सौम्य रूप पुढे करण्यात आले आणि १९३० चा हिशेब नियमन कायदा झाला. प्रत्येक ऋणकोचे खाते सावकाराने वेगळे ठेवावे आणि दर सहा महिन्यांनी त्या खात्याचा उतारा ऋणकोला द्यावा, एवढेच हा कायदा सांगत होता. तसे न केल्यास व्याज नाकारण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. यात कोणाची मालमत्ता हिरावली नव्हती, व्याजाचा दरही ठरवला नव्हता. तरीसुद्धा सावकारमंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. कारण उघड होते. पिढ्यानुपिढ्या एकाच हातात राहिलेली वही आता अर्धी उघडली जाणार होती. शेतकऱ्याला वाचता येत नसले, तरी शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलाला तो उतारा वाचता येणार होता. शाळा, साप्ताहिक आणि कायदा ही छोटूराम यांची तीन कामे वेगवेगळी नव्हती, हे येथे नीट दिसते.

याच सुमारास जगभर मंदी आली. धान्याचे भाव कोसळले. कर्जाचे आकडे मात्र जेथे होते तेथेच राहिले. पूर्वी जे कर्ज काही मण गव्हात फिटले असते, त्याला आता दुपटीहून अधिक गहू लागू लागला. या परिस्थितीत १९३४ चा ऋणनिवारण कायदा संमत झाला. त्यात दामदुपटीचा नियम घालण्यात आला. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक वसुली करता येऊ नये, हा नियम हिंदू धर्मशास्त्रातला. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पूर्वीपासून पाळीत आली होती. पंजाबात तो कायद्याच्या रूपाने आला आणि कर्जदार कोणत्या धर्माचा हे पाहिले गेले नाही. कर्जासाठी ऋणकोला तुरुंगात टाकण्यावर निर्बंध आले. धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून तडजोड घडवणारी मंडळे स्थापन झाली. या व पुढील दुरुस्त्यांमुळे जप्तीतून वगळावयाच्या वस्तूंची यादी वाढली. दुभते जनावर, गाडी ओढणारे बैल, राहते घर यांबरोबरच गुरे बांधण्याची, गाडी उभी करण्याची, वैरण रचण्याची आणि शेणखत टाकण्याची मोकळी जागासुद्धा या यादीत आली. उकिरड्याची जागा गेली तर शेती बंद पडते, ही गोष्ट शहरात वाढलेल्या कायदेपंडिताला सुचणे कठीण. ही कलमे वाचताना ती तयार करणाऱ्यांमध्ये शेतात राबलेली माणसे होती, हे कळल्यावाचून राहत नाही.

१९३६ मध्ये काही काळ छोटूराम यांनी कायदेमंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. १९३७ च्या निवडणुकीत युनियनिस्ट पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले, सर सिकंदर हयात खान पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या वेळी पंतप्रधान म्हणत) आणि छोटूराम यांच्याकडे विकास खाते आले. आता सत्ता हाती होती. पुढील दोन वर्षांत एकामागून एक असे जे कायदे झाले, त्यांना शेतकऱ्यांनी ‘सोनेरी कायदे’ म्हटले आणि व्यापारी-सावकारांनी ‘काळे कायदे’.

त्यांपैकी १९३८ चा गहाण जमीन परत देण्याचा कायदा सर्वांत अधिक गाजला. १९०१ च्या जूनपूर्वी ताबेगहाण पडलेल्या आणि अजूनही सावकाराकडे असलेल्या जमिनी मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत मिळाव्यात, असा तो कायदा होता. सुमारे चाळीस वर्षे सावकार त्या जमिनीचे उत्पन्न खात होता. त्यातून मुद्दलाची दुप्पट त्याच्या पदरी पडली असेल, तर त्याला आणखी काही देणे लागत नव्हते. अर्ज करावयाचा होता तो जिल्हाधिकाऱ्याकडे. दिवाणी न्यायालयाची वर्षानुवर्षांची फरफट टळली. आजोबांनी गहाण टाकलेली आणि बापाने केवळ बांधावरून पाहिलेली जमीन नातवाच्या हाती आली, असे असंख्य कुटुंबांत घडले. त्याच वर्षी सावकारांच्या नोंदणीचा कायदा झाला. नोंदणी व परवाना नसलेल्या सावकाराला वसुलीचा दावा लावता येईनासा झाला. जमीन हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती होऊन बेनामी व्यवहार रद्द ठरले.

आणखी एक दुरुस्ती तितकी गाजली नाही, पण छोटूराम यांच्या सचोटीची कसोटी तिच्यातच होती. सावकारी केवळ वाणी-व्यापारी करीत असे समजणे चुकीचे होते. शेतकरी जातींमधील सधन माणसेही व्याजाने पैसे देत आणि १९०० च्या कायद्याने बाहेरच्या सावकाराला अटकाव झाल्यावर त्यांचे चांगलेच फावले होते. आपल्या जातीच्या ऋणकोची जमीन ते कायदेशीर रीतीने विकत घेत. १९३८ च्या दुरुस्तीने अशा शेतकरी-सावकारालाही आपल्या ऋणकोची जमीन घेण्यास बंदी केली. पक्षाचे पाठीराखे असलेल्या वर्गातीलच अनेकांना हे झोंबणारे होते.

१९३९ मध्ये शेतमाल बाजार कायदा झाला. मंडीत माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था मराठी मुलखातील शेतकऱ्यास सांगावी लागत नाही. अडत, तोलाई, हमाली यांबरोबर धर्मादाय, गोशाळा अशा नाना नावांनी त्याच्या पैशातून कपात होई. भाव ठरवताना अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली हातांची बोटे धरून खुणा करीत; मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला आपल्या मालाचा भाव कळत नसे. वजनमापे ज्याची त्याची वेगळी होती. नव्या कायद्याने बाजार समित्या स्थापन झाल्या, अडत्यांना व तोलाऱ्यांना परवाने घेणे सक्तीचे झाले, कपाती ठरवून देण्यात आल्या आणि समित्यांवर उत्पादकांना बहुमत देण्यात आले. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांबरोबर एकाच समितीत शेतकऱ्याने खुर्चीवर बसावे, ही कल्पनाच अनेकांना असह्य झाली. मंडयांतून हरताळ झाले, मोर्चे निघाले, सभागृहात प्रत्येक कलमावर वाद झाला. छोटूराम हे वाद स्वतः लढवीत. आकडे त्यांना मुखोद्गत असत आणि शेतकऱ्याच्या घरातील खर्चाची बारीकसारीक माहिती त्यांना कोणाला विचारावी लागत नसे.

या सर्व कायद्यांतून एक मोठा वर्ग बाहेर राहिला, हेही नमूद केले पाहिजे. १९०० च्या कायद्याने शेतकरी जातींची जी यादी केली होती, तीत दलित समाज नव्हता. शेतात राबणारा, पण जमीन नसलेला हा मजूर त्या कायद्यामुळे जमीन विकत घेण्याच्या हक्काला मुकला होता. छोटूराम यांनी कायद्यातील सावकारांच्या पळवाटा बुजवल्या. या यादीची भिंत मात्र तशीच राहू दिली. गावात ज्याच्याकडे थोडीशीही जमीन होती, त्याचे दुःख त्यांना अंतर्बाह्य ठाऊक होते. ज्याच्याकडे तीही नव्हती, त्याच्यापर्यंत त्यांचे राजकारण पोचले नाही. हा कायदा स्वातंत्र्यानंतरच रद्द झाला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, त्याच सुमारास हिसार जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला होता. १९४१ नंतर महसूल खाते छोटूराम यांच्याकडे आले. युद्धकाळात धान्याचे भाव चढू लागले तेव्हा केंद्र सरकारने गव्हाच्या भावावर नियंत्रण आणण्याचे ठरवले. छोटूराम यांनी त्यास ठाम विरोध केला. मंदीच्या काळात भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याच्या मदतीस कोणी धावले नाही; आता दोन पैसे मिळू लागताच सरकारने त्याच्या आड का यावे, असा त्यांचा सवाल होता. शेतकऱ्याच्या बाजूने तो रास्तच होता. परंतु १९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष होते आणि देशाला पंजाबच्या गव्हाची नितांत गरज होती. पंजाब सरकारची ही ताठर भूमिका त्या वेळी फार टीकेची झाली. उत्पादकाचा भाव आणि भुकेल्याचे अन्न यांतील हा पेच त्यांनाही सुटला नाही.

शेवटच्या वर्षांत त्यांच्यासमोर एक वेगळेच संकट उभे राहिले. डिसेंबर १९४२ मध्ये सिकंदर हयात खान यांचे निधन झाले आणि खिझर हयात खान तिवाना पंतप्रधान झाले. मुस्लिम लीगला पंजाब आपल्या हाती हवा होता. १९४४ मध्ये महंमद अली जीना लाहोरला येऊन राहिले आणि युनियनिस्ट पक्षाचे नाव व धोरण सोडून मुस्लिम लीगचे म्हणून मंत्रिमंडळ चालवावे, असा आग्रह त्यांनी धरला. खिझर हयात यांनी तो मानला नाही आणि छोटूराम त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले. कर्ज हिंदूलाही बुडवते आणि मुसलमानालाही, म्हणून शेतकऱ्याचे राजकारण धर्मावरून करता येणार नाही, ही त्यांची धारणा वीस वर्षे जुनी होती. मुसलमान शेतकऱ्यांशी असलेल्या या सलगीमुळे विरोधक हेटाळणीने त्यांना छोटू खान म्हणत. मुसलमान शेतकऱ्यांनी मात्र त्यांना ‘रहबर-इ-आझम’, म्हणजे थोर मार्गदर्शक, ही पदवी दिली होती, आणि हरियाणातील लोक त्यांना दीनबंधू म्हणत.

कायद्यांनी जमीन परत मिळाली, तरी पाण्यावाचून ती कोरडीच राहणार होती. रोहतक-हिसारच्या भागाला सतलजचे पाणी मिळावे, यासाठी भाक्रा येथे धरण बांधण्याची कल्पना कित्येक वर्षे कागदावर पडून होती. धरणाची जागा बिलासपूर संस्थानात होती आणि धरणाच्या पाण्याखाली त्या संस्थानचीच जमीन जाणार होती. तेव्हा राजाच्या संमतीखेरीज काही होणे शक्य नव्हते. छोटूराम यांनी वाटाघाटी करून नोव्हेंबर १९४४ मध्ये बिलासपूरच्या राजांशी करार केला. त्यांची प्रकृती तोवर ढासळली होती. ८ जानेवारी १९४५ रोजी योजनेचा आराखडा पक्का झाला. दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारीला, लाहोर येथे छोटूराम यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव रोहतकला आणण्यात आले आणि तेथेच अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या मागे त्यांचा पक्ष फार काळ टिकला नाही. १९४६ च्या निवडणुकीत युनियनिस्टांचा दारुण पराभव झाला. मार्च १९४७ मध्ये खिझर हयात खान यांनी राजीनामा दिला आणि पाच महिन्यांनी पंजाबची फाळणी झाली. ज्या सभागृहात छोटूराम यांनी कलमाकलमावर वाद घातला, ते लाहोरचे सभागृह पाकिस्तानात गेले. भाक्र्याचे काम स्वातंत्र्यानंतर हाती घेण्यात आले. १९५४ मध्ये त्याचे कालवे सुरू झाले आणि २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. हिसारच्या रेताड जमिनीत त्या कालव्याच्या पाण्यावर गहू आणि कापूस पिकू लागला.